काइंड ऑफ ब्ल्यू एलपी, घेतली ती कोल्ट्रेनसाठी

मालवणात कुरिअर यायला बारा दिवस लागले, खोक्याचा कोपरा चेपलेला, पण आत रेकॉर्ड धड होती म्हणून गप्प बसलो. अल्बम जॅझ ट्रम्पेटवाल्या माईल्स डेव्हिसचा, १९५९ चा, मी मात्र घेतला जॉन कोल्ट्रेनच्या टेनर सॅक्सोफोनसाठी, तो यात साथीला आहे आणि साथ म्हणजे काय तर सो व्हॉट या पहिल्या पीसमध्ये माईल्स मोजकेच सूर लावून थांबतो आणि मग हा येतो तो मृगाचा पाऊस कौलांवर यावा तसा. ब्ल्यू इन ग्रीनमध्ये तोच माणूस किती हळू वाजवतो बघा, तिथे अल्टो सॅक्सोफोनवाला कॅननबॉल अॅडर्ली वाजवतच नाही.

हां, जुनी प्रेसिंग (म्हणजे जुन्या छपाईची कॉपी) घेणार असाल तर पहिल्या बाजूचे तिन्ही पीस सुराला किंचित चढे लागतात, रेकॉर्डिंगला टेप मशीनचा स्पीड चुकलेला. नंतरच्या कॉप्यांत दुरुस्त केलंय, माझ्या कॉपीवर भजनातल्या काकांनी पेटी लावून बघितली, सो व्हॉट पांढरी दोनला बरोबर बसलं. (काका म्हणाले, ह्यात तबलो खंय?)

कव्हर पातळ आहे, पावसात बुरशी धरणार, प्लास्टिकमध्येच ठेवा. चार स्टार, एक कुरिअरवाल्याचा कापला.