कोळंबीच्या खाद्याला कायटोसान लावावे की सरगॅसमचा अर्क?

उरणच्या बाजूला खाडीचे पाणी घेऊन व्हेनामी जातीची कोळंबी वाढवणाऱ्याला व्हिब्रिओ हा रोगकारक जिवाणू नवा नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर बंदी असल्यामुळे समुद्रातून मिळणाऱ्या कायटोसान आणि सरगॅसम (एक तपकिरी शैवाल) या दोन पदार्थांकडे लक्ष जाते. मी दोन्ही वापरले आहेत. मात्र रोग दिसल्यावर दोहोंकडूनही फारशी आशा धरू नये, कारण आजारी कोळंबी आधी खाणेच सोडते आणि चेक ट्रेमध्ये, म्हणजे किती खाल्ले हे पाहायला तलावात सोडलेल्या ताटात, खाद्य जसेच्या तसे उरू लागले की खाद्यातून औषध देण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते. त्यावरील धन प्रभारामुळे ते जिवाणूच्या आवरणाला चिकटते, पण हा प्रभार आम्लातच चांगला टिकतो. तलावाचा सामू आठच्या आसपास असल्याने प्रयोगशाळेच्या बशीत दिसणारा परिणाम पाण्यात तितका उतरत नसावा. तेही मी चालवून घेतले असते. खरा त्रास वेगळाच आहे: साधे कायटोसान नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्यासाठी सौम्य ॲसेटिक आम्ल लागते, आणि तो चिकट द्राव लावलेले खाद्य आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळता वाळत नाही. ताडपत्रीवर पातळ पसरले, पंखा लावला, तरी दाणे फुगून एकमेकांना चिकटतात, मुठीत दाबले की मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर करडी बुरशी दिसते. असे खाद्य तलावात टाकण्यापेक्षा काहीच न लावलेले बरे. पाण्यात विरघळणारे प्रकारही मिळतात, पण ते महाग पडतात.

सरगॅसमचा अर्क पाण्यात कालवून खाद्याला चोळला आणि वर माशाच्या तेलाचा हात फिरवला की काम झाले. कोळंबीला प्रतिपिंडे नसतात. अर्कातील फ्यूकोइडान ही बहुशर्करा तिच्या रक्तपेशींची उपजत प्रतिकारशक्ती चेतवते, असे मानले जाते. अर्क देत असताना टीसीबीएसच्या (व्हिब्रिओ वाढवून मोजण्याच्या माध्यमाच्या) बशीत व्हिब्रिओच्या हिरव्या वसाहती मला कमी दिसल्या, पण त्याच सुमारास मी पाणीही बदलले होते, त्यामुळे सगळे श्रेय अर्काला देता येणार नाही. शिवाय शैवालाची जात आणि हंगाम यांनुसार प्रत्येक लॉटचा गुण बदलतो, आणि तपकिरी शैवाल आर्सेनिक साठवते, म्हणून लॉटनिहाय तपासणीचा दाखला मागावाच.

ज्याच्याकडे खाद्य वाळवण्याचे यंत्र आहे किंवा जो उन्हाळी पीकच घेतो, त्याने कायटोसान अवश्य वापरून पाहावे. पावसाळी पिकासाठी मी सरगॅसमच घेतो.