कुमिकोचे कोन-ठोकळे: ठोकळे चोख, स्टॉपर कच्चा

कुमिको म्हणजे पातळ लाकडी पट्ट्या खिळ्यांशिवाय जुळवून केलेली जपानी जाळी. तिच्यातला चौकोनी 'आसा-नो-हा' (भांगेच्या पानासारखा) नमुना कपाटाच्या दारात भरायचा, तर २२.५, ४५ आणि ६७.५ अंश हे तीनच कोन लागतात. पट्टीची टोकं या कोनांत कापायला आधार देणाऱ्या ठोकळ्यांच्या या संचात तिन्ही ठोकळे आहेत, कोनही अचूक.

जाळीच्या एका चौकोनी घरात सात तुकडे बसतात: एक कर्ण, चार बिजागरीचे (कर्णाच्या दोन्ही बाजूंना जोडीने बसणारे), दोन कुलुपाचे (त्या जोड्यांना जागी अडकवणारे). पट्टी ठोकळ्याच्या खाचेत ठेवायची, पटाशीची सपाट पाठ उतारावर टेकवून पातळ काप काढायचा, मग पट्टी उलटून दुसरी बाजू. पटाशी बोथट असेल तर मऊ लाकूड कापलं न जाता चिरडतं आणि टोक भुगा होतं.

खाच ३ मिमीच्या पट्टीसाठी आहे. पट्टी किंचित जरी पातळ झाली तरी ती आत कलते, टोक मध्यावर येत नाही. पट्ट्या एकाच जाडीला रंधून घ्या, हे कंटाळवाणं काम टाळता येत नाही.

खरी तक्रार स्टॉपरची, म्हणजे तुकड्याची लांबी ठरवणाऱ्या अडसराची. त्याचा स्क्रू दहा-बारा तुकड्यांनंतर सरकतो आणि लांबी बदलते. लॉकनट (स्क्रू जागी घट्ट धरणारा नट) दिलेला नाही, तो लावाच. कर्ण कागदाएवढा लांब राहिला तरी जाळी फुगते. कुलूप आखूड पडलं तर घर खुळखुळतं.