एनए इंजिनात पाण्याचा फवारा, मिथेनॉल की नुसतं शंभर ऑक्टेन?

टर्बो गाड्यांना पाणी-मिथेनॉलचं किट लावून पोरं डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) जे आकडे काढतात, ते बघून सिटी, बलेनो, स्विफ्ट बाळगणाऱ्याच्या मनातही येतं, की आपल्या गाडीला हे बसेल का? बसतं. पंप, टाकी, इंजिनात जाणाऱ्या हवेत फवारा मारणारं नॉझल, वायरिंग, एवढाच तर मामला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून ठाण्यापर्यंत बसवून देणारा कोणी ना कोणी भेटतोच.

पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. टर्बो नसलेल्या, म्हणजे एनए इंजिनात हा फवारा मुख्यतः नॉकिंग दाबतो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन आपोआप भडकून बसणारे ठोके. ताकद वाढलीच तर ती त्याच्या मागून येते, म्हणजे नॉकिंग दबल्यावर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे नेता आलं तर. तुमचं इंजिन मुळात नॉक करत नसेल आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) टायमिंग मागे खेचत नसेल, तर पाणी मारून हाती काही लागत नाही. उलट एखादा घोडा कमीच होईल.

याचा इतिहासही बहुतेक सगळा हवा कोंबणाऱ्या इंजिनांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत एमडब्ल्यू-५० नावाचं मिश्रण वापरत, जवळपास निम्मं मिथेनॉल आणि निम्मं पाणी. ती इंजिनं सुपरचार्जरची. १९६२ची ओल्ड्समोबिल जेटफायर टर्बोची. २०१६ची बीएमडब्ल्यू एम-फोर जीटीएस, जिच्या डिकीत पाण्याची पाच लिटरची टाकी होती, तीही टर्बोचीच. एनए इंजिनात पाणी मनापासून वापरलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या रॉकेलवरच्या ट्रॅक्टरांनी. रुमली ऑइलपुलसारखे ट्रॅक्टर ओझ्याखाली आले की सिलिंडरमध्ये पाणी घेत, कारण रॉकेलचं ऑक्टेन (नॉकिंग सोसायची ताकद) इतकं कमी की त्याशिवाय ठोके थांबत नसत. ताकदीसाठी कोणी ते करत नव्हतं.

मुंबईची हवा आड येते

टर्बोतून निघालेली हवा जोर लावल्यावर शंभर अंशांच्या वर सहज जाते. तिच्यात पाणी मारलं की मोठा फरक पडतो. एनए इंजिन बाहेरची हवा आहे तशी ओढतं, त्यामुळे थंड करायला मुळात फारसं काही नसतं. त्यात आपलं शहर.

जूनमधली दुपार घ्या: ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. अशा हवेत पाणी कितीही बारीक फवारलं तरी बाष्पीभवनाने ती साधारण २९ अंशांपर्यंतच उतरते. नागपूरला कूलर चालतो आणि दादरला चालत नाही, त्याचं कारणही हेच. तीन अंश उतरल्याने हवेची घनता जेमतेम एक टक्का वाढते, आणि त्यातला काही भाग नव्याने तयार झालेली वाफच जागा अडवून खाऊन टाकते. हेच किट घाटावर, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेत चालवलं तर तत्त्वतः सतरा-अठरा अंश उतरायला वाव असतो. म्हणजे परदेशातल्या कोरड्या गावात कोणाला लागलेला फायदा वरळीत लागेल असं धरून चालू नका.

आणखी एक हिशोब मांडून बघा. वरच्या त्याच हवेत दर किलो कोरड्या हवेमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते. म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात तुमचं इंजिन दर किलो पेट्रोलमागे तिनशे-साडेतिनशे ग्रॅम पाणी असंही गिळतच असतं! ते वाफेच्या रूपात असल्यामुळे थंडावा देत नाही, फक्त ज्वलन थोडं संथ करतं. तरी पावसाळ्यात गाडी जरा मऊ चालते असं जुने ड्रायव्हर म्हणतात, ते अगदीच मनाचे खेळ नाहीत.

मग पाण्याचा उपयोग उरतो तो सिलिंडरच्या आत. जे थेंब वाफ न होता आत पोचतात ते कॉम्प्रेशनच्या वेळी उष्णता शोषतात, आणि तिथे बाहेरच्या आर्द्रतेचा फारसा संबंध राहत नाही. नॉकिंग दबतं ते इथेच.

नुसतं पाणी आणि अर्धं-अर्धं मिश्रण

एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, मिथेनॉलला ११००च्या आसपास, पेट्रोलला जेमतेम साडेतिनशे. नुसत्या थंडाव्यात पाण्याचा हात धरणारं काही नाही, शिवाय ते विषारी नाही, पेटत नाही आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतं. नळाचं पाणी वापरू नका. पालिकेचं पाणी तसं मऊ आहे, पण क्षार ते क्षारच, आणि सोसायटीत टँकर किंवा बोअरवेल असेल तर नॉझलचं बारीक भोक बुजायला वेळ लागणार नाही. काच पुसायचं निळं पाणी तर अजिबात नको, त्यात साबण, रंग आणि वास असतो.

मिथेनॉलची बाजू अशी, की ते ६५ अंशांखालीच उकळतं आणि हवेत पाण्याची वाफ कितीही असली तरी मिथेनॉलला उडून जायला जागा असते. त्यामुळे दमट हवेत इन्टेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) ते पाण्यापेक्षा नक्कीच जास्त काम करतं. त्याचं ऑक्टेनही मोठं. पण ते इंधन आहे हे विसरून चालत नाही. एक किलो मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपासच हवा पुरते, म्हणजे नॉझल सुरू झालं की मिश्रण रिच होणार (हवेच्या मानाने इंधन जास्त) आणि पेट्रोलचा मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचा ईसीयूतला तक्ता, तेवढा कमी करावा लागणार. पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक ईसीयू हे आपोआप सावरत नाहीत.

आता मुख्य अडचण. मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, ती दारूत मिसळलेल्या याच मिथेनॉलमुळे. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं, डोळ्यांची नस जाते, मग माणूस. ते कातडीतूनही शिरतं. विक्री आणि साठा विषांबाबतच्या १९१९च्या कायद्याखाली येतो, त्यामुळे प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्याकडे जाऊन पाच लिटरचा कॅन उचलून आणता येत नाही. परवाना विचारतात आणि विचारायलाच हवा. कोणी बिनदिक्कत बाटलीत ओतून देत असेल तर तो माल नक्की काय आहे हाही प्रश्नच. त्यात निम्मं पाणी घातलं तरी मुंबईच्या तापमानात ते पेट घेऊ शकतं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी धड दिसत नाही. स्टॅक पार्किंगमध्ये तुमच्या गाडीवर दुसऱ्याची गाडी उभी असते, याचा विचार करा. दोन खोल्यांच्या घरात पोरं असताना मोरीत हा कॅन ठेवायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

ई-२० ने अर्धं काम आधीच केलंय

ही बाब किट विकणारा सांगत नाही. शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साधारण अर्धा लिटर पेट्रोल पितं. एनए इंजिनात फवारा त्याच्या दहा-पंधरा टक्के ठेवतात, म्हणजे मिनिटाला साठेक मिली. मिश्रण अर्धं-अर्धं असेल तर त्यात मिथेनॉल तीस मिली. आणि पंपावरच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधून त्याच मिनिटाला शंभर मिली इथेनॉल आत जातंच आहे, तिप्पट अल्कोहोल! इथेनॉलही वाफ होताना बऱ्यापैकी उष्णता खातं. सगळं जमेस धरलं तर तुमच्या त्या फवाऱ्याच्या एकूण थंडाव्याच्या निम्म्याच्या आसपास थंडावा पेट्रोल भरतानाच मिळालेला असतो. ई-२० चं किमान ऑक्टेनही ९५ आहे, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. मायलेज घटल्याची ओरड आहे आणि ती खरी आहे, पण नॉकिंगच्या बाबतीत ई-२० आपल्या बाजूने आहे.

सीएनजीवर चालवणाऱ्यांनी तर हा विषयच सोडावा. सीएनजीचं ऑक्टेन १२०च्या घरात जातं, तिथे नॉकिंगच होत नाही.

शंभर ऑक्टेनची टाकी म्हणजे स्वस्तातली चाचणी

डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-१०० आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई होती. साध्या पेट्रोलपेक्षा ते चांगलंच महाग आहे, रोज भरायला परवडणार नाही. पण निर्णय घ्यायला ते फार कामाचं.

गाडी आपल्याकडची गेल्या दहा-पंधरा वर्षांतली असेल तर स्टीअरिंगखाली ओबीडीचं (ईसीयूतले आकडे वाचायचं) सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं स्वस्त डोंगल लावा आणि मोबाइलवर तीन आकडे नोंदवायला लावा: आरपीएम, टायमिंग अ‍ॅडव्हान्स आणि इन्टेकच्या हवेचं तापमान. पहाटे रिकामा चढ गाठा, खोपोलीहून वर जाणारा जुना रस्ता चालेल. दुसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेच्या आत राहून, अडीच हजारांपासून चार-साडेचार हजारांपर्यंत पूर्ण थ्रॉटल. मोबाइल शेजारच्याच्या हातात. मग टाकी जवळजवळ रिकामी करून शंभर ऑक्टेन भरा, ईसीयूला शिकायला थोडी रपेट द्या, आणि तोच चढ तशाच हवेत पुन्हा.

टायमिंगचा आकडा तिथेच राहिला तर उत्तर मिळालं: तुमचं इंजिन नॉकिंगला अडलेलं नाही, किट विसरा. दोन-तीन अंशांनी पुढे गेला तर इंजिनात वाव आहे. तेव्हाही घाई नको. आधी स्पार्क प्लग बघा, पिस्टनवरची काजळी काढून घ्या, हवेची नळी बोनेटखालची तापलेली हवा तर ओढत नाही ना ते तपासा. सायन-पनवेलच्या गर्दीत अर्धा तास उभ्या गाडीत इन्टेकचं तापमान ५०च्या वर गेलेलं त्याच मोबाइलवर दिसेल. पुढच्या जाळीतून नीट हवा घेणारी नळी तिथे पाण्याच्या फवाऱ्यापेक्षा जास्त फरक पाडते, आणि तिला दर आठवड्याला काही भरावं लागत नाही.

(काजळीवरून आठवलं. जुने मिस्त्री गरम इंजिन रेस करत कार्बोरेटरमध्ये पाण्याची बारीक धार सोडायचे, काजळी सुटायची. तेवढ्यापुरतं पाणी गुणाचं आहे. पण अंदाज चुकला आणि धार जास्त झाली तर कनेक्टिंग रॉड वाकतो, त्यामुळे हा प्रयोग घरी नको.)

तरीही ज्यांनी लावावं

लावण्यासारखी इंजिनं आहेत. हेड घासून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन बारा-तेराच्या पुढे नेलेलं ट्रॅकचं इंजिन. कॅम बदललेली, स्वतंत्र ईसीयूवर चालणारी जुनी सिटी व्हीटेक. किंवा नॉक सेन्सरच नसलेली, कॉम्प्रेशन वाढवलेली कार्बोरेटरची गाडी. अशा इंजिनाला पंपावरचं पेट्रोल पुरत नाही, तिथे फवारा आणि त्यावर बेतलेला मॅप यांनी टॉर्क खरोखर वाढतो. यांनाही माझा सल्ला नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने सुरुवात करायचा. मिथेनॉल फक्त ट्रॅकपुरतं, परवानाधारकाकडून घेतलेलं आणि घरी न आणलेलं.

बसवताना एनएची स्वतःची एक खोड आहे. टर्बोचं किट बूस्टवर (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबावर) सुरू होतं, इथे बूस्टच नाही. त्यामुळे थ्रॉटलची उघडझाप आणि आरपीएम, दोन्ही बघून सुरू होणारा कंट्रोलर घ्या. दुसरं, थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जबरदस्त व्हॅक्यूम असतो. नॉझल थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये बसवलं तर पंप बंद असतानाही ते टाकीतलं पाणी ओढून घेतं, आणि बांद्र्याच्या सिग्नलवर गाडी आचके द्यायला लागते. नॉझल थ्रॉटलच्या आधी लावा, आणि अगदी जवळ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणारी झडप). एअर मास सेन्सर असेल तर त्याच्या मात्र नंतर. एका नॉझलचं पाणी चारही सिलिंडरना सारखं जात नाही, कारण मॅनिफोल्ड हवेसाठी बनवलेलं असतं. म्हणून टायमिंग सगळ्यात कोरड्या सिलिंडरच्या हिशोबाने ठेवायला ट्यूनरला सांगा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ तपशिलांत फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे मांडलं. इन्शुरन्स कंपनीला न सांगता डिकीत ज्वालाग्राही टाकी बसवली तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येऊ शकतं.

आणि टाकी रिकामी झाली तर? जेटफायरचे मालक टाकी भरायला विसरायचे. त्या गाडीत तसं झालं की बूस्ट आपोआप कमी व्हायचा, इंजिन वाचायचं, पण पिकअप जायचा. तुमच्या एनए गाडीत टायमिंग फवाऱ्याच्या भरवशावर पुढे नेलेलं असेल आणि पाणी संपलं, तर वाचवायला काहीच नसतं. ठोके थेट पिस्टनवर. म्हणून टाकीत पातळीचा सेन्सर, नळीत प्रवाहाचा सेन्सर, आणि दोघांपैकी एकानेही तक्रार केली की जुन्या, मवाळ मॅपवर जाणारा ईसीयू. ट्यूनर यातलं काही ‘नंतर बघू’ म्हणत असेल तर किल्ली परत घ्या.