निळी पोलिश कॅप घेताय? आधी पिसाचं बूड बघा

२१,१५० रुपये. कोंबडा-कोंबडीच्या जोडीचे १८,५००, गाडीभाडं १,४०० आणि ‘आरोग्य दाखल्याचे’ १,२५०. दाखला आजतागायत आलेला नाही. घरात खरा आकडा अजून सांगितलेला नाही, म्हणून इथं माझं नाव टाकत नाही.

पोलिश कॅप म्हणजे डोक्यावर पिसांची टोपी असलेली शोभेची कोंबडी. पांढऱ्या टोपीची काळी आता गल्लोगल्ली झालीय. मला निळी, म्हणजे निळसर राखाडी, हवी होती, माळेगावच्या यात्रेत मांडायला. ग्रुपवर जाहिरात आली, व्हिडिओ आला, ‘निम्मे आत्ता टाका दादा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ हेही आलं. ९,२५० टाकले. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

डोकं फिरतं ते विकणाऱ्याच्या एका वाक्यावर. ‘निळ्याला निळं लावा दादा, सगळी पिल्लं निळीच, लेखी देतो.’ अरे, निळ्या-निळ्याच्या जोडीतून साधारण निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव ठिपकेदार पांढुरकी निघतात! हे मी स्वतः पोरांना सांगत असतो. पण तो लगेच खुडूक, लासोटा लस, खाद्य यांवर असा काही सुटला की वाटलं, मुरलेला माणूस आहे. बरं, व्हिडिओत अंग एकसारखं राखाडी होतं, खऱ्या निळ्याला असते ती पिसाच्या कडेची गडद रेघ नव्हती. मोबाईलच्या स्क्रीनवर ती कुणाला दिसते, सांगा. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मुळात घ्यायचाच नाही, चालू कॉल करायला लावायचा.

पहाटे वसमत रोडला ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून क्रेट उतरवला. डायसारखा वास येत होता. मी म्हटलं, जंतुनाशक मारलं असेल. तुम्हीही तेच म्हणाला असता.

मग पाऊस आला, मादी भिजली आणि डालग्याखालचं पोतं काळंनिळं झालं. मानेवर फुंकर मारून पिसं उघडली तर बुडाशी पांढरीशुभ्र. खऱ्या निळ्या पक्ष्याचं बूडही राखाडी असतं. पांढऱ्या कोंबड्यांना पातळ डाय फासला होता लेकाच्यानं. आता नवी पिसं येतायत तीही पांढरीच.

ठाण्यात गेलो तर हवालदार शेजारच्याला म्हणतो, ‘या हो, कोंबडीचा मेकअप उतरलाय.’ साहेब म्हणे, कोंबड्या मिळाल्या ना, मग फसवणूक कसली? न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ काय फक्त सोन्या-जमिनीला आहे? सायबर हेल्पलाइन १९३० वर नोंद केली. सायबरवाले म्हणाले, माल पोचलाय, हा दिवाणी वाद. पशुदवाखान्यात नुसतं ‘रंग लावलेला आहे’ एवढं लिहून मागितलं, तर ‘असा दाखला आमच्या नमुन्यात नाही’. पुन्हा ठाण्यात अर्जाची पोच मागायला गेलो, तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्ताला. पोच नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून तपास नाही!

चॅट आणि पावत्या डिलीट करू नका. ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही. मी तोच लावतोय.

त्याचा नंबर बंद आहे. पण तोच क्रेट, तीच फुटकी फरशी असलेला फोटो परवा नांदेडच्या एका ग्रुपवर दुसऱ्या नावानं दिसला. भाव आता २२,०००.