घरातल्या १७ उपकरणांची रांग : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या घरात वायफायवर १७ उपकरणं आहेत. दोन लॅपटॉप, चार फोन, टीव्ही, बाबांचा जुना टॅब्लेट, फाटकावरचा कॅमेरा, प्रिंटर आणि बाकी स्मार्ट प्लग नि दिवे. लाइन १०० एमबीपीएसची, अपलोड २०. तरीही रोज संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन तास सुरू झाला की शिक्षिकेचा आवाज तुटायचा. माझी मीटिंग असली की "अर्धं वाक्य ऐकूच आलं नाही" हे दोन-तीनदा तरी ठरलेलं. स्पीड टेस्ट केली की आकडा ९५ च्या पुढे. तक्रार नोंदवली की उत्तर एकच, मोठा प्लॅन घ्या.

मोठा प्लॅन एक महिना घेऊनही पाहिला. काडीचा फरक पडला नाही.

मग एके संध्याकाळी पिंग लावून बसले, म्हणजे एक छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजत. घर शांत असताना १४ मिलिसेकंद. नेमका तेव्हाच मुलाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला आणि पिंग ५०० च्या वर गेला, तो बॅकअप संपेपर्यंत खाली आलाच नाही. वेग कुठेही कमी नव्हता. मॉडेम अपलोडची पाकिटं (नेटवर माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते ते) नाकारण्याऐवजी आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवत जात होता, आणि माझ्या आवाजाचं चिमुकलं पाकीट त्या फोटोंच्या मागे रांगेत उभं होतं. याला बफरब्लोट म्हणतात. २०१० च्या सुमारास जिम गेटीस यांनी हे दुखणं स्वतःच्या घरच्या लाइनवर पकडलं आणि त्याला नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय म्हणून कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे न मोजता पाकीट रांगेत किती वेळ ताटकळलं हे मोजायचं, आणि तो वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहू लागला की काही पाकिटं टाकून द्यायला लागायचं, म्हणजे पाठवणारा हळू होतो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

आठ महिन्यांपूर्वी जुना राउटर काढून ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली) चालणारा राउटर बसवला, त्यात एसक्यूएम, म्हणजे रांगेला शिस्त लावणारी सोय, सुरू केलं आणि पद्धत निवडली केक, कोडेलवरच बेतलेली. ही २०१८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. मर्यादा टाकली डाउनलोडला ९०, अपलोडला १८. मुद्दाम कमी, कारण रांग मॉडेममध्ये लागली तर आपल्या हातात काहीच राहत नाही. ती आपल्या राउटरमध्ये लागली तरच तिला शिस्त लावता येते. आता बॅकअप चालू असताना पिंग २० ते २५ च्या मध्ये राहतो. पहिल्या दिवशी हा आकडा पाहून मी मुलाला बॅकअप पुन्हा सुरू करायला लावला, खात्री करायला.

केकमध्ये आणखी एक सोय आहे, ती आवर्जून चालू करा : वाटणी कनेक्शनप्रमाणे न करता आधी उपकरणाप्रमाणे करायची. गेम डाउनलोड करणारा लॅपटॉप एकाच वेळी ३० कनेक्शनं उघडतो. वाटणी नुसती कनेक्शनवर केली तर तोच सगळं ओढून घेतो. उपकरणावर केली की त्याला एकच वाटा.

इथवर लाइनचा प्रश्न सुटला. हवेतला तसाच होता.

वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. प्रत्येक उपकरण आधी ऐकतं, हवा मोकळी दिसली की थोडं थांबतं आणि मग पाठवतं. यात पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण वेळ सारखा नाही. बाबांचा टॅब्लेट मागच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे. त्याचा लिंक वेग, म्हणजे राउटरशी वायफायने बोलायचा वेग, ६ एमबीपीएसवर उतरलेला. १५०० बाइटचं पाकीट त्याच्याकडे जायला २ मिलिसेकंद लागतात. तेच पाकीट माझ्या ३०० च्या लॅपटॉपकडे ०.०४ मिलिसेकंदात जातं. आळीपाळीने एकेक पाकीट द्यायचं ठरवलं तर दोघांनाही जेमतेम ६ मिळतात! म्हणजे घरातला सगळ्यात हळू जोडलेला सगळ्यांना आपल्या चालीने चालवतो. मी तर बाबांना संध्याकाळी टॅब्लेट लावू नका असं सांगून मोकळी झाले होते, आणि ते निमूट ऐकायचे. ते मला आज खुपतं.

यावर उपाय एअरटाइमची समान वाटणी. पाकिटं मोजायची नाहीत, हवेतला वेळ मोजायचा. दोघांना अर्धा-अर्धा वेळ दिला तर वायफायच्या इतर कामांत जाणारा वेळ सोडून लॅपटॉपला १५० एमबीपीएस आणि टॅब्लेटला ३. बाबांच्या व्हिडिओला ३ पुरतात. आता ते साडेसातला त्यांचा कार्यक्रम लावतात आणि मुलीचा तास अखंड चालतो. फक्त राउटर घेताना बघून घ्या, प्रत्येक वायफाय चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) हे करत नाही. प्रोसेसरही दमदार हवा, कारण एसक्यूएम सगळं काम त्याच्याकडूनच करून घेतं आणि कमजोर राउटरवर वेगच खाली येतो.

त्रास झाला तो दोन ठिकाणी. फोननिहाय नियम लावले होते, पण हल्लीचे फोन नेटवर्कला खरा मॅक पत्ता (उपकरण ओळखायचा क्रमांक, नियम त्यावरच चालतात) न देता बनावट देतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं की काही फोनांवर तो बदलतो आणि नियम गळून पडतो. घरच्या नेटवर्कपुरतं ते सेटिंग प्रत्येक फोनवर बंद करावं लागलं. दुसरं, फर्मवेअरची (राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती टाकल्यावर एसक्यूएमचं पॅकेज पुन्हा बसवावं लागतं. माझं ते राहून गेलं आणि चार दिवस आवाज पुन्हा तुटत होता.

कॅमेऱ्याचं दुखणं मात्र अजून आहे. एअरटाइमची वाटणी राउटर जे पाठवतो त्याच्यापुरती चालते. कॅमेरा अपलोड करतो तेव्हा पाळी तो स्वतः घेतो. वायफाय ६ मध्ये अपलोडच्या पाळ्याही राउटर ठरवू शकतो, पण त्यासाठी उपकरणही वायफाय ६ चं लागतं आणि हा कॅमेरा जुना आहे. सध्या त्याला २.४ गिगाहर्ट्झवर ठेवलंय, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि कामाची सगळी उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर. टीव्हीला तार ओढली, तेवढी हवा मोकळी झाली. फाटकाजवळ तारेने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं जास्तीचं यंत्र) बसवायचा आहे. तो बसला की पिंगचे नवे आकडे इथेच खाली लिहीन.