टीकिंटरवर आठ महिने: मिरचीच्या काट्याचा आकडा टीव्हीवर

मामेभावाचं नागपूरच्या कळमन्याला मिरचीचं गोदाम आहे. काटा इलेक्ट्रॉनिक, पण त्याचा डिस्प्ले तळहाताएवढा. पोतं चढलं की शेतकरी कमरेत वाकून आकडा वाचणार, त्यात मिरचीच्या ठसक्याने डोळ्यांत पाणी. "दादा, तू कॉम्प्युटरवाला नं? मग टीव्हीवर दाखव नं वजन मोठ्ठं," एवढ्यावर फेब्रुवारीत हे काम गळ्यात पडलं.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत होती आणि खिडक्या-बटणं बनवायचं टीकिंटर तिच्यासोबतच मिळतं, म्हणून ते घेतलं. गोदामातल्या जुन्या पीसीवर वेगळं काही चढवावं लागलं नाही. पहिल्या दिवशी साधा हिशोब केला: व्हाइल लूप लावायचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा: काट्याकडून वजन वाचायचं, लेबलच्या (खिडकीतल्या मजकुराच्या चौकटीच्या) कॉन्फिगमध्ये नवा टेक्स्ट द्यायचा, अर्धा सेकंद स्लीप, म्हणजे थांबायचं. चालवलं तर खिडकी पांढरीफट्ट, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कॉन्फिग केलं की लेबलकडे नवा मजकूर लगेच जातो, पण तो पडद्यावर रंगवायचं काम मेनलूपचं, म्हणजे खिडकी चालवणाऱ्या टीकिंटरच्या मुख्य लूपचं. आपलं फंक्शन संपून हात मोकळा झाल्याशिवाय मेनलूप ते करत नाही, आणि माझा लूप तर संपतच नव्हता.

तेव्हा लूपमध्ये अपडेट, म्हणजे 'आत्ताच रंगव' ही आज्ञा, टाकायचा जुगाड केला. आकडा हलू लागला, मीही खूश. मग एका संध्याकाळी दिवाणजींच्या वहीपेक्षा कॉम्प्युटरमध्ये एक पोतं जास्त. ४२.६ किलोचं एकच पोतं दोनदा चढलं होतं. वजनाची नोंद करायला खिडकीत एक बटण होतं; 'नोंद होत आहे' हे दिसावं म्हणून त्याच्या फंक्शनमध्येही मी अपडेट लिहिलं होतं. अपडेट नुसतं रंगवत नाही, वाट बघत असलेले क्लिकही उरकून टाकतं. मापाड्याने घाईत बटण दुसऱ्यांदा दाबलं आणि पहिली नोंद पुरी व्हायच्या आत दुसरी सुरू झाली. नुसतं रंगवायला अपडेट-आयडलटास्क्स आहे, पण त्यानेही दुसरा क्लिक रांगेत उभा राहतोच. शेवटी असं केलं की नोंद सुरू होताच बटण बंद, आणि पोतं उतरून काटा शून्यावर आल्याशिवाय ते उघडत नाही. त्यानंतर डबल नोंद एकदाही नाही.

वाचनाचा लूप काढून आफ्टर, म्हणजे ठरल्या वेळाने फंक्शन बोलावायची सोय, लावलं: दर २०० मिलीसेकंदांनी एक फंक्शन येतं, लेबल बदलतं, पुढची वेळ लावून निघून जातं. इथे फंक्शनच्या नावापुढे कंस द्यायचा नाही. मी दिला होता. फंक्शन तिथल्या तिथे स्वतःलाच बोलावत सुटलं आणि रिकर्शनची एरर घेऊन पडलं. शोधण्यात तासभर गेला. दुसरी भानगड सिरीयल पोर्टची, म्हणजे पीसीला काट्याची केबल लागते तिथली. काट्याकडून ओळ येईपर्यंत ती वाचणारी रीडलाइन अडून बसते आणि तेवढा वेळ खिडकीही अडते. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूने समांतर चालणाऱ्या कामात, टाकलं. तो थ्रेड आकडे क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकतो, लेबलला हात लावत नाही. आफ्टरवालं फंक्शन क्यूमधला शेवटचा आकडा उचलतं.

स्ट्रिंगव्हार, म्हणजे मजकूर ठेवणारं टीकिंटरचं व्हेरिएबल, मात्र मनापासून आवडलं. एकच व्हेरिएबल दिवाणजींच्या खिडकीतल्या आणि टीव्हीवरच्या लेबलला जोडलं की एकदा सेट केल्यावर दोन्हीकडे बदलतं. फक्त ते फंक्शनच्या आत बनवून सोडून देऊ नका. फंक्शन संपलं की पायथॉन ते गोळा करून टाकतं आणि लेबल कोरं पडू शकतं, एररसुद्धा येत नाही. सेल्फवर ठेवा, म्हणजे फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या ऑब्जेक्टवर.

एवढं झाल्यावर भिवापूरकडच्या एका काकांनी टीव्हीकडे बघून विचारलं, "काहून नाचून राह्यला भाऊ हा आकडा?" बरोबर होतं त्यांचं. पोतं डुलत असताना प्रत्येक वाचन मी दाखवत होतो आणि ९.८ चे १०.२ झाले की लेबल रुंद होऊन अख्खी ओळ सरकायची. लेबलची रुंदी ठरवून दिली, मजकूर उजवीकडे चिकटवला, सगळे अंक सारख्या जागेत बसणारा फॉन्ट घेतला. शिवाय सलग पाच वाचनं सारखी येईपर्यंत आकडा राखाडी, मग काळा. काळा झाला की शेतकरी स्वतःच मोठ्याने वाचतात आणि मापाडी बटण दाबतो. प्रोग्रामिंगच्या दृष्टीने किरकोळ बदल, पण गोदामात कौतुक झालं ते याचंच.

मराठीचं म्हणाल तर विंडोजवर निर्मला फॉन्टमध्ये सगळं नीट दिसतं. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर मात्र 'मिरची'तली वेलांटी म च्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. गोदामाचा पीसी लिनक्सवर न्यायचा बेत तिथेच बारगळला. टीव्हीवर अक्षरं आधी धुरकट यायची. या प्रोग्रामला डीपीआय (पडद्यावरच्या ठिपक्यांची दाटी) समजतो असं विंडोजला सुरुवातीलाच सांगणारी एक ओळ टाकल्यावर स्वच्छ झाली.

दिसायला टीकिंटर जुनाट, यात वाद नाही. बटणं बघून मामेभाऊ म्हणाला, "हे तं सरकारी ऑफिसातलं वाटून राह्यलं." पण मे महिन्यात, नागपुरी उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, तो पीसी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असायचा. गरम होऊन पीसी दोनदा बंद पडला, आकडा कधी अडकला नाही.

दिवाळीनंतर दुसरा काटा लागणार आहे. त्याची केबल आणून ठेवली आहे, कोड अजून लिहिलेला नाही.