एफआरआर, आठ महिने, दोन ऑपरेटिंग सिस्टिम: शिळ्या रूटांचा अनुभव

लिनक्स आणि फ्रीबीएसडी अशा दोन जुन्या सर्व्हरांवर एफआरआर, म्हणजे साध्या सर्व्हरला राउटर बनवणारे सॉफ्टवेअर, चालवून आठ महिने झाले. महागडा राउटर न घेता काम भागावे हा हेतू होता आणि तो साधला. म्हणून इतर गुणांविषयी न लिहिता, ज्या एका गोष्टीने माझी झोप घालवली तिच्याविषयीच लिहितो.

त्या रात्री फ्रीबीएसडीवर मेमरी संपली आणि कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, झेब्रा हा एफआरआरचा कर्नलमध्ये रूट घालणारा भाग बंद पाडला. झेब्रा रीतसर थांबला तर आपले रूट (पॅकेटांनी कोणत्या वाटेने जायचे याच्या नोंदी) काढून जातो. असा मारला गेला तर ते कर्नलमध्ये तसेच राहतात आणि पॅकेट जुन्याच वाटेने जात राहतात. मी झेब्रा सुरू करतानाच्या कॅपिटल के या पर्यायात ३०० सेकंद दिले होते, म्हणजे पुन्हा सुरू झाल्यावर झेब्राने स्वतःचे जुने रूट ओळखून तेवढा वेळ सांभाळायचे आणि मग झाडून काढायचे. प्रत्यक्षात रूटांची यादी काढली, तर बीजीपीचे (शेजारच्या राउटरांकडून रूट शिकण्याच्या एका पद्धतीचे) रूट स्टॅटिक, म्हणजे हाताने घातलेले, म्हणून २५५ या अंतरासह उभे होते; अंतर म्हणजे पसंतीचा आकडा, जितका कमी तितकी पसंती जास्त. कॉन्फिगरेशन चाळून होईपर्यंत ते नाहीसेही झाले. हे कोणी घातले आणि कोणी काढले, या शोधात तासभर गेला.

उत्तर माहितीपुस्तिकेतच होते. लिनक्सचे कर्नल प्रत्येक रूटासोबत तो कोणी घातला याचा आकडा ठेवते: बीजीपीसाठी १८६, ओएसपीएफ या रूट शिकण्याच्या दुसऱ्या पद्धतीसाठी १८८. बीएसडीत तशी जागाच नाही. रूटांची यादी दाखवणाऱ्या नेटस्टॅट या आज्ञेत यूजी या अक्षरांपुढे १ एवढीच खूण दिसते. त्यावरून झेब्राला रूट आपला आहे हे कळते, पण तो बीजीपीचा की ओएसपीएफचा हे कळत नाही.

आधी मला हा सरळ दोष वाटला. आता मत बदलले आहे. बाहेरून शिकलेल्या बीजीपी रूटाचे अंतर २० असल्यामुळे नवी माहिती येताच ती २५५ वर मात करते आणि शेजाऱ्यांकडून सगळे रूट येऊन गेल्यावरही जे २५५ वर उरतात, तेच खरे शिळे. लिनक्सवर जुना आणि नवा दोन्ही बीजीपी म्हणूनच दिसतात, त्यामुळे ही निवड नुसत्या नजरेने होत नाही. आमच्याकडे सगळे रूट दीड मिनिटात परत येतात, हे मोजून मी ३०० चे १२० केले.

तक्रार एकच उरली आहे: बीजीपीचे रूट मोजून इशारा देणारी माझी स्क्रिप्ट लिनक्सवर कर्नललाच विचारते, फ्रीबीएसडीसाठी मात्र ती मला वेगळी लिहावी लागली.